दुसऱ्या प्रवाशाचं सेवाशुल्क

ड्रिपच्या नळीचा वीतभर काळा तुकडा… मधोमध पाणी ठिबकायचं बारीक भोक, आणि त्या भोकाच्या कडेशी एक मुंगी, आत जावं की नाही हे ठरवत थांबलेली. दुकानातलं सॅम्पल. गिऱ्हाइकांच्या हातांनी त्यावरची कंपनीची अक्षरं पुसली गेली होती आणि आता ते कागदांवर वजन ठेवायच्या कामाचं उरलं होतं. खालचा कागद कूलरच्या वाऱ्याने मधूनमधून एक कोपरा उचलून पाहत होता – सही झाली का. सही झाली नव्हती.

कमलबाई समोर बसून मुंगीकडे बघत होती. सकाळचे नऊ वाजले होते आणि पिंप्राळ्यातला रस्ता आताच ओस पडायला लागला होता. मे महिन्यात जळगावात नऊनंतर रस्त्यावर दिसतो तो एक तर पाहुणा असतो किंवा वसुलीवाला. प्रेमराज दुकानात निघताना पेन उघडून, टोपण मागे लावून, कागदाशेजारी ठेवून गेला होता, म्हणजे आईला तेवढेही कष्ट नकोत. दारातून म्हणाला होता,

"आई, नुसतं नाव लिही, खाली तारीख. वाचत बसू नको, मी वाचलंय. मेल टाकून झालाय माझा. जहाजवाले त्या केबिनवाल्याला विचारतील, तोही सांगेल की एकच बाई होती, आणि पैसे परत. विषय संपला."

"किती?"

"साडेपाच हजार. तुझे कापले ते कापले, जाऊ दे. पण आबांचे पण कापले! आबांचे!" – दुसऱ्यांदा 'आबांचे' म्हणताना त्याचा आवाज चिरकला. तो बापासाठी चिरकला की साडेपाच हजारांसाठी, हे कमलबाईने मन लावून ऐकून पाहिलं होतं. दोन्हीसाठी असावा. बापाचं आणि पैशांचं त्या घरात कधी वेगळं काढता आलं नव्हतं.

कागद इंग्रजीत होता. खाली प्रेमराजने पेन्सिलीने मराठी लिहिलं होतं – केबिनमधील दुसरे प्रवासी श्री. अभिमन चौधरी हे जहाजावर आले नाहीत व त्यांनी कोणतीही सेवा घेतली नाही, असे मी जाहीर करते.

कोणतीही सेवा… तिने ते वाक्य तिसऱ्यांदा वाचलं. वाक्यात चूक नव्हती. चूक असती तर बरं झालं असतं.

अभिमन फेब्रुवारीत गेला. दुकानातच, गल्ल्यावर बसलेला, समोरच्या शेतकऱ्याला वावरात अंथरायच्या दोन नळ्यांमधलं, दोन लॅटरलमधलं, अंतर हाताने दाखवत असताना. हात तसेच दोन फुटांवर राहिले, असं तो शेतकरी नंतर येईल त्याला सांगत होता, तेही हातांनी दाखवून. आणि एप्रिलमध्ये कंपनीची टूर होती. वर्षभर ठरल्या टनांच्या नळ्या उचलल्या की डीलर आणि त्याची बायको, चार रात्री जहाजावर, सिंगापूरहून. अभिमनने त्या टनांसाठी गोदामात उभं राहायला जागा ठेवली नव्हती. "तुले जहाजवर लई जासू," असं तो चोपड्याकडच्या आपल्या गावच्या बोलीत तिला रोज म्हणायचा, जणू नळ्या जमिनीत नव्हे, थेट समुद्रातच घालायच्या होत्या. पासपोर्ट झाले, तिकिटं झाली, कार्ड आलं – श्री. व सौ. अभिमन चौधरी. मग त्यातले श्री. गेले.

कंपनीच्या साहेबांनी फोनवर आधी दुःख व्यक्त केलं आणि मग अडचण सांगितली. नाव कमी केलं तर अख्खी केबिन रद्द होते आणि वेटिंगवरच्या डीलरला जाते. नाव राहू द्या, ते आलेच नाहीत असं दाखवू. वहिनींना पाठवा, त्यांनाही बदल होईल. प्रेमराज म्हणाला, आबांनी कमावलेली टूर आहे, वाया कशाला घालवायची. थोरली जाऊ भिकुबाई दारातच म्हणाली, "तेरावं व्हयनं ना व्हयनं, आनि बाई चालनी जहाजवर!" आणि कमलबाई… कमलबाई गेली. जायचं होतं म्हणून नव्हे. नको म्हणायला जो जोर लागतो तो तिच्यात नव्हता. तो कुठे गेला होता, कुणास ठाऊक. दहाव्यालाही ती रडली नव्हती. बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, कुणीतरी हिला रडवा, आणि एकीने त्यासाठी अभिमनचा चष्मा आणून तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो पदराने पुसून त्याच्या डबीत ठेवला होता. काचा फार मळल्या होत्या.

मुंगी आत गेली.

अकरा वाजता सुनंदाबाईचा फोन आला. सुनंदाबाई धुळ्याची, देवपूरची. तिचा नवरा रतिलाल तिकडचा डीलर, आणि जहाजावर त्यांची केबिन शेजारची.

"वहिनी, केली का सही? आमचे हे रोज विचारतात. म्हणे, एवढ्या ग्रुपमध्ये एकट्या कमलवहिनींचे कापले, माझ्या जिव्हारी लागलं."

"करते."

"करते काय! अहो, त्या दिवशी तुम्ही काउंटरवर आला असता तर हे झालंच नसतं. डोकं दुखतंय म्हणालात. माझं काय दुखत नव्हतं? पण उभी राहिले ना रांगेत."

खरंच राहिली होती. सफरीच्या दुसऱ्या दिवशी रतिलालला शोध लागला होता की माणशी दर रात्रीचं सेवाशुल्क आपोआप खात्याला लागतंय, आणि टूरच्या कागदावर सर्वांत खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, 'टिप्स वगळून' असं छापलंय. मग जहाजावर जणू सहकारी पतपेढीची निवडणूक लागली. रतिलालने अठ्ठावीस डीलर बायकांसकट गोळा केले, स्वागतकक्षावर रांग लावली आणि प्रत्येकाच्या खात्यातून ते शुल्क काढायला लावलं. "आम्ही हाती देतो," तो काउंटरवरच्या गोऱ्या मुलीला मराठीत समजावत होता. "आमच्याकडे हाती द्यायची पद्धत आहे. माणूस बघून." आणि शेवटच्या दिवशी त्यांनी खरंच हाती दिलं – प्रत्येक केबिनवाल्याला कंपनीची टोपी, एक किचेन आणि केळीच्या वेफर्सचा पुडा. टोपीवर लिहिलं होतं, थेंब थेंब विश्वासाचा. फोटोही काढले.

"आणि वहिनी, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"रोज सकाळी तुमच्या केबिनमध्ये दोन चहा कसे यायचे हो? माझं दार उघडं असायचं, दिसायचं मला. ट्रेवर दोन कप."

कूलरचं पाणी आत कुठेतरी टपकत होतं. कमलबाईने ते टपकणं मोजायचा प्रयत्न केला.

"मला दोन लागतात," ती म्हणाली.

"तेच म्हटलं! ह्यांना मी तेच म्हटलं. हे म्हणे, फुकट असेल तर आपणही दोन-दोन मागवू." सुनंदाबाई मनापासून हसली आणि मग, आपण कुणाशी बोलतोय हे आठवून, हसणं अर्ध्यात सोडून दिलं. "चला, ठेवते. सही करा मात्र."

दोन चहा. तो खोटेपणा तिने सुरू केला नव्हता, हे तिने स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं होतं. पहिल्या दिवशी दारावर टकटक झाली, बाहेर केबिनवाला – पन्नाशीचा, कानांजवळ केस पांढरे झालेला, दार्जिलिंगकडचा असावा, वाकताना एक हात कमरेवर ठेवणारा – हातात यादी, यादीवर दोन नावं. "मॅडम. और सर?" हिंदीत 'ते वारले' कसं म्हणतात हे तिला माहीत होतं. गुज़र गए. पण तिची हिंदी नळ्यांच्या ट्रकवाल्यांपुरती होती, आणि गुज़र जाणं हे त्यात फक्त चेकपोस्टवरून व्हायचं. तेवढ्यात न्हाणीघरातला पंखा आपोआप सुरू झाला. केबिनवाल्याने त्या बंद दाराकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "सर बाथरूम में हैं. कोई बात नहीं." तिने मान हलवली. तेवढंच. मान हलवायला तिला काही कष्ट पडले नाहीत.

मग तो दोन पाण्याच्या बाटल्या ठेवून गेला, दोन उशांवर दोन चॉकलेटं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याच्या ढकलगाडीचा आवाज बाहेर आला तेव्हा तिने शेजारच्या पलंगाकडे पाहिलं. नुकत्याच नांगरून सपाट केलेल्या वावरासारखा, एक सुरकुती नाही. तिला काय वाटलं त्या क्षणी… भीती नव्हे. घरी पाहुणे यावेत आणि पसारा आवरलेला नसावा तसं. इथे उलटं, पसारा झालेलाच नव्हता. ती उठली आणि त्या पलंगावर आडवी झाली. एकदा इकडे, एकदा तिकडे. चादर पायाने खाली लोटली, कारण तो लोटायचा. एक उशी मध्ये आडवी घातली, कारण गुडघे दुखायला लागल्यापासून तो उशी गुडघ्यांत धरून झोपायचा. सगळं तिच्या हातांना येत होतं, जसं कणीक मळणं येतं. मग न्हाणीघरात जाऊन दुसरा टॉवेल नळाखाली धरला, पिळला, आणि टांगायला म्हणून उचललेला हात मध्येच थांबला. अडतीस वर्षं तो ओला टॉवेल गादीवर टाकत आला होता. अडतीस वर्षं ती त्यावरून बोलत आली होती – सगळं बोलून झालं होतं, माहेरचा उद्धार, मुलांसमोर अपमान, एकदा तर दोन दिवस अबोला. तिने टॉवेल गादीवर टाकला. पाणी चादरीत उतरताना ती बघत राहिली, आणि तिच्या तोंडून निघालं, "किती वेळा सांगायचं हो तुम्हाला!"

केबिनवाला टकटक करून आत आला होता. त्याने टॉवेल उचलला, न्हाणीघराच्या बंद दाराकडे पाहिलं आणि एक नवरा दुसऱ्या नवऱ्याबद्दल हसेल तसा हसला.

त्यानंतर रोज. सर सो रहे हैं. सर ऊपर गए हैं. सर को चाय? हां, सर को चाय. तिचा एक चहा ती गरम प्यायची आणि दुसरा गार झाल्यावर, कारण ओतून देणं जिवावर यायचं. चार दिवसांत तिने समुद्र किती पाहिला, ठाऊक नाही. सगळे बायका-पुरुष वर डेकवर होते, रतिलाल बुफेतली लिंबं आणि साखरेच्या पुड्या उचलून प्रत्येकाला फुकटचं सरबत करून देत होता – 'इथे थंड प्यायला चारशे रुपये, वेड लागलंय का' – आणि कमलबाई खाली केबिनमध्ये होती, कारण ढकलगाडी दिवसातून दोनदा यायची आणि दोन्ही वेळा तयारी लागायची. घर चालवायला जेवढं काम पडतं तेवढंच होतं ते. तिला ते आनंदाचं वाटलं नव्हतं. काहीच वाटलं नव्हतं. हात चालत होते, एवढंच.

पण काम त्यानेही केलं होतं. दोन्ही पलंग, दोन्ही टॉवेल, दोन बाटल्या, दोन कप विसळायचे, आणि तेही कमरेवर हात ठेवून. म्हणजे हिशोबाने बघितलं तर सेवा झाली. सेवा कुणी घेतली एवढाच प्रश्न राहिला. आणि हे ती प्रेमराजला कसं सांगणार होती? सेवा झालीय, बाळ, कारण मी रोज सकाळी दुसऱ्या पलंगावर लोळत होते. तो ओरडणार नाही. तो अगदी हळू बोलायला लागेल, गिऱ्हाइकाला तोटा समजावताना बोलतो तसा, आणि दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे घेऊन जाईल. दीपमाला, सून, सोबत येईल, पाण्याची बाटली घेऊन. भिकुबाईला कळेल. दुकानात कळेल. आणि मग ते चार दिवस तिचे राहणार नाहीत, ते एका आजाराचे दिवस होतील.

म्हणून सही केली की झालं. नाव आणि तारीख.

दुपारी तिने पेन हातात घेतलं. नाव लिहायला 'क'चा पहिला वळसा काढावा लागतो, तो निघेना. तिने पेन ठेवलं, भाकरीचं पीठ चाळलं, चाळलेलं पुन्हा चाळलं. दीपमाला म्हणाली, "अक्का, राहू द्या, मी करते," आणि तिने राहू दिलं. कूलरसमोर आडवी झाली तेव्हा डोळ्यांसमोर तो माणूस येत होता. त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती. चार दिवस ती समोर होती आणि कमलबाईने ती वाचली नाही – जवळचा चष्मा पर्समध्ये होता आणि पर्स उघडायचा कंटाळा होता. काय माणूस आहे मी, तिला वाटलं, आणि ते वाटणंही पलीकडच्या घरात कुणीतरी भांडं पाडावं तसं लांबून आलं.

प्रेमराज साडेसहालाच आला, एरवीपेक्षा दोन तास आधी. चप्पल काढता काढताच फोन पुढे धरून बोलायला लागला.

"आलं बघ उत्तर! केबिनवाल्याचा जबाब घेतलाय त्यांनी. दीपा, तू पण ये, ऐक. काय नग आहे बघ हा माणूस." त्याने बोटाने स्क्रीन मोठी केली आणि अडखळत, इंग्रजीतून मराठीत आणत वाचू लागला. "'केबिनमध्ये दोन्ही पाहुणे होते. दोन्ही पलंग रोज वापरलेले असत.' बरं. पुढे ऐक. 'सर रोज सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असत. शांत गृहस्थ. फार बोलत नसत.'"

"अगंबाई," दीपमाला म्हणाली.

"अगंबाई काय! साडेपाच हजारांसाठी मेलेल्या माणसाला खुर्चीत बसवतो हा! आणि लिहून देतो वर! उद्याच्या उद्या आबांचा मृत्यूचा दाखला जोडतो. फेब्रुवारीची तारीख बघू देत त्यांना. नोकरीच जाईल त्याची, जाऊ दे, अशांची जायलाच पाहिजे. आई, सही कुठाय?"

"पलंग…" कमलबाई म्हणाली.

"काय पलंग?"

"पलंगाचं खरंय," ती म्हणाली. ते एवढं हळू निघालं की प्रेमराजला ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं आणि त्याने ते बाजूला ठेवलं. तो नळीचा तुकडा उचलून कागद ओढत होता.

पलंगाचं खरं होतं. टॉवेलचं खरं होतं. ते तिने केलं होतं. पण खुर्ची… खुर्चीला तिने हात लावला नव्हता. खुर्चीवर तिची पिशवी असायची, तीही नंतर तिने कपाटात ठेवली. मग खुर्ची कुठून आली? तीस वर्षं दुसऱ्यांचे पलंग आवरणाऱ्या माणसाला कुणी झोपून उठलेला पलंग आणि कुणी विस्कटलेला पलंग यांतला फरक कळत नसेल? पहिल्याच दिवशी कळला असेल. मग चार दिवस तो दुसरा चहा कुणासाठी आणत होता? आणि आता हे का लिहिलं? तिला सांभाळून घ्यायला… की आपल्या वाट्याची टिप सांभाळायला? दोन्हीसाठी असेल. बाईची दया आणि आपला वाटा, यांतलं एक दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नसेल त्यालाही. की… तिसरंही काही असू शकतं…

शांत गृहस्थ. फार बोलत नसत. अभिमन! जो वजनकाट्यावर ट्रक उभा असताना ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न जमवायला निघायचा, जो झोपेतही लॅटरलचे भाव सांगायचा, तो फार बोलत नसे. अर्थात, फेब्रुवारीनंतर कोण बोलतं. त्या दृष्टीने वर्णन बरोबरच होतं.

आणि मग तिच्या आत काहीतरी हललं. ते दुःख नव्हतं. दुःखाची ती वाट पाहत होती आणि हे त्याच्यासारखं नव्हतं. हे बारीक होतं, चटका बसल्यासारखं, थोडं लाजिरवाणं. ती चार दिवस त्या खोलीत होती. उशा लावत होती, टॉवेल भिजवत होती, गार चहा पीत होती, त्याच्या जागेवर लोळत होती. एकदाही… एकदाही मला नाही दिसलात. आणि तो कोण कुठला, नाव न वाचलेला माणूस, तो सकाळी दार लोटतो आणि तुम्ही सरळ खुर्चीत!

"आई, तारीख आजची घाल," प्रेमराज म्हणत होता.

"तोंड कुठे होतं?" कमलबाई म्हणाली.

"कुणाचं?"

"आबांचं. खुर्चीत बसले होते म्हणतो ना तो. तोंड खिडकीकडे होतं की खोलीकडे? लिहिलंय का ते?"

प्रेमराजने दीपमालाकडे पाहिलं. दीपमालाने हातातला पाण्याचा तांब्या अगदी सावकाश, आवाज न करता, खाली ठेवला.

"आई…" तो अगदी हळू बोलायला लागला.

"तू बोलू नको. वाच. पुढे काय लिहिलंय त्याने?"

आणि तो खरंच फोनकडे वळला, त्याचा अंगठा काचेवरून वर सरकू लागला. कमलबाई खुर्चीच्या कडेला, पुढे वाकून, त्या अंगठ्याकडे बघत बसली. तिच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून ठेवला आहे – पुढची ओळ येईपर्यंत.